मंद वाऱ्यात घरच्या पवनचक्कीची वीज नेमकी कशी मोजायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. साताऱ्याच्या माण तालुक्यात घराच्या गच्चीवर पाइपावर बसवलेली तीन पात्यांची पवनचक्की, व्यास दीड मीटर, पाटीवर ‘५०० वॅट’, खाली १२ व्होल्टची बॅटरी. हातातलं वाऱ्याचं मीटर ३ ते ४ मीटर/सेकंद दाखवतं. बॅटरीपासून तारा सोडवून मल्टीमीटर लावला तर १९ व्होल्ट मिळाले, तारा मल्टीमीटरमधूनच शॉर्ट करून करंट पाहिला तर २.४ अँपिअर. गुणाकार ४५ वॅट. पण बॅटरी जोडली की तिचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर ०.४-०.५ अँपिअरच्या वर जात नाही. म्हणून तुम्ही विचारता की जनरेटर कमजोर आहे का, आणि मंद वाऱ्यात त्याची परीक्षा कशी घ्यायची.

आधी उत्तर देतो, मग कारणं. ते ४५ वॅट कधी तयारच झाले नाहीत. ३ मीटर/सेकंदच्या आसपास ०.४-०.५ अँपिअर हा आकडा या आकाराच्या चक्कीसाठी बराचसा रास्त आहे. पण ‘रास्त आहे’ एवढ्यावर थांबू नका. मंद वाऱ्यात वॅटचे आकडे लहान असतात, वारा मोजताना झालेली चूक मात्र मोठी असते. त्यामुळे पुष्कळदा माणूस चक्की तपासतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात स्वतःच्या वाऱ्याच्या मीटरचीच चूक मोजत बसतो. तुमचा निकाल गच्चीभोवती काय आहे, बॅटरी किती भरलेली आहे, कंट्रोलर कुठल्या जातीचा आहे यावर अवलंबून राहणार. ते मला इथून दिसत नाही. पण तपासणीचा क्रम सगळीकडे सारखाच आहे.

सुरुवात वाऱ्यात मुळात वीज किती आहे इथून करू. पात्यांचं वर्तुळ १.७७ चौरस मीटर. माणसारख्या पठारी भागात, समुद्रसपाटीपासून सहाशे-साडेसहाशे मीटरवर, तीस अंश तापमानाला हवेची घनता घनमीटरला साधारण १.०८ किलो भरते. कंपन्या पत्रकात १.२२५ धरतात, म्हणजे तिथेच बाराएक टक्के फरक पडला. निम्मी घनता गुणिले क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन असं मांडलं की तुमच्या चक्कीसाठी सोपं सूत्र निघतं: वाऱ्यातली शक्ती म्हणजे वेगाचा घन गुणिले ०.९५ वॅट. ३ मीटर/सेकंदला २६ वॅट, ४ ला ६१, ५ ला ११९, ६ ला २०६, आणि १२ ला सुमारे १,६५०.

यातली सगळी शक्ती काढता येत नाही. आल्बर्ट बेट्झ यांनी शतकभरापूर्वी मांडलेली मर्यादा ५९.३ टक्के आहे. तिच्या वर कुठलंही पातं जात नाही, मग विकणारा काहीही सांगो. छोट्या चक्कीत पाती, बेअरिंग, जनरेटर, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) अशी सगळी गळती धरून मंद वाऱ्यात पंचवीस टक्के हाती लागले तर मी समाधानी असतो. त्या हिशेबाने तुम्हाला ३ ला ६ वॅटच्या आसपास, ४ ला १५, ५ ला ३० वॅट मिळायला हवेत. पाटीवरचे ५०० वॅटही खोटे असतीलच असं नाही. १२ मीटर/सेकंदला तीस टक्के काढले की तेवढे होतात. फक्त तो वारा तुमच्या गच्चीवर वर्षातून किती तास येतो हा प्रश्न उरतो.

बेट्झच्या मर्यादेचा उपयोग मी चाळणीसारखा करतो. ३ मीटर/सेकंदच्या स्थिर वाऱ्यात तुमच्या वर्तुळातून १५ वॅटच्या वर आणि ४ ला ३६ वॅटच्या वर काहीही निघूच शकत नाही. मीटरने त्याहून जास्त दाखवलं तर चक्की चांगली निघाली असं नसून मोजमाप चुकलंय. तुमचे ४५ वॅट इथेच अडकतात.

ते का चुकले तेही पाहू, कारण हीच चाचणी फार जण करतात. १९ व्होल्ट तुम्ही तारा मोकळ्या असताना घेतले. तेव्हा करंट शून्य होता, म्हणजे शक्तीही शून्य. पात्यांना कसलाच भार नसल्यामुळे ती पळत सुटली होती. २.४ अँपिअर घेतले तेव्हा तारा शॉर्ट होत्या, म्हणजे व्होल्टेज जवळपास शून्य, शक्ती पुन्हा शून्य. शिवाय शॉर्ट करणं हा या चक्क्यांचा ब्रेकच असतो. त्या क्षणी दिसलेला करंट बराचसा फिरत्या पात्यांच्या साठलेल्या वेगातून आला, वाऱ्यातून नव्हे. दहा सेकंद थांबला असतात तर पाती मंदावून आकडा कोसळलेला दिसला असता. दोन वेगवेगळ्या अवस्थांतले आकडे गुणून शक्ती मिळत नाही. व्होल्ट आणि अँपिअर एकाच क्षणी, एकाच भारावर घेतलेले हवेत.

आता वारा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा.

शक्ती वेगाच्या घनावर असल्यामुळे वाऱ्यातली दहा टक्के चूक शक्तीत तेहतीस टक्के होते. तुम्ही गच्चीवर उभं राहून छातीच्या उंचीवर मीटर धरलंत आणि त्याने २.५ दाखवलं, पण वर पात्यांजवळ ३ असेल, तर पात्यांना तुमच्या समजुतीपेक्षा पावणेदोन पट जास्त शक्ती मिळत आहे. चक्की मग कागदावर फार हुशार दिसेल. उलटही होतं: कठड्यावरून उसळलेला वारा एखाद्या जागी वेग वाढवतो, तिथे मीटर धरलं की चक्की मठ्ठ दिसते. तुमचं अंग, पाण्याची टाकी, जिन्याची खोली, सगळे वारा वळवतात. मोबाइलवरच्या हवामान ॲपचा वेग तर यासाठी वापरूच नका. तो मोठ्या परिसराचा, दहा मीटर उंचीचा अंदाज असतो, तुमच्या गच्चीचं मोजमाप नव्हे.

वाऱ्याचं मीटर पात्यांच्या मध्याच्याच उंचीवर, वेगळ्या बारीक पाइपावर, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला हवं. मोठ्या पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात हे अंतर व्यासाच्या दोन ते चार पट, शक्यतो अडीच पट सांगितलेलं आहे. तुमच्यासाठी ते तीन ते सहा मीटर, पावणेचार मीटर उत्तम. त्याहून जवळ लावलं तर पात्यांनी अडवलेल्या हवेत बसतं, फार लांब लावलं तर तिथला वारा आणि पात्यांवरचा वारा यांचा मेळ राहत नाही. मीटर कपांचं घ्या. हातात धरायचं छोट्या पंख्याचं मीटर वाऱ्याकडे नीट तोंड करून धरलं तरच बरोबर वाचतं, आणि गच्चीवर वारा दर मिनिटाला दिशा बदलतो. कपांना दिशेशी देणंघेणं नसतं. एवढंच तपासा की कप अगदी हलक्या झुळकेला फिरायला लागतात. बेअरिंगमध्ये धूळ गेलेलं मीटर दीड-दोनच्या खाली शून्य दाखवतं आणि सरासरी बिघडवतं.

दुसरी अडचण सरासरीची. समजा अर्धा वेळ वारा २ होता आणि अर्धा वेळ ४. सरासरी ३, तिचा घन २७. पण खरी शक्ती दोन्ही घनांच्या सरासरीवर चालते: ८ आणि ६४ यांची सरासरी ३६. म्हणजे ‘३ मीटर/सेकंदचा वारा’ म्हणताना तुम्ही पंचवीस टक्के शक्ती हिशेबातून गाळली. १ आणि ५ असा झुलता वारा असेल तर हीच सरासरी ३ राहते आणि शक्ती दुपटीहून जास्त होते. गच्चीवरचा वारा असाच झुलता असतो. म्हणून तासाभराची सरासरी काढून सूत्रात टाकणं हा मंद वाऱ्यात चुकीचा निष्कर्ष काढायचा सोपा मार्ग आहे.

मग दर सेकंदाचा वारा आणि दर सेकंदाचे वॅट जोडून पाहावेत का? तेही जमत नाही. झुळूक आधी तुमच्या मीटरवर येते, मग पात्यांवर पोचते, मग पाती हळूहळू वेग घेतात, आणि झुळूक गेल्यावरही थोडा वेळ साठलेल्या वेगावर वीज देत राहतात. सेकंदासेकंदाच्या जोड्यांचा आलेख काढला तर नुसते विखुरलेले ठिपके दिसतील. छोट्या चक्क्यांसाठी एक मिनिटाची सरासरी वापरायची पद्धत रूढ आहे ती यासाठीच (मोठ्यांसाठी दहा मिनिटांची). दर सेकंदाला नोंद, तिची एक मिनिटाची सरासरी, आणि मग ती मिनिटं वाऱ्याच्या वेगानुसार अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या कप्प्यांत टाकायची: २ ते २.५, २.५ ते ३ असे. प्रत्येक कप्प्यात किमान तीस मिनिटं जमली की मी त्या कप्प्याच्या सरासरीवर विश्वास ठेवतो. त्याआधी नाही.

चक्की थांबलेली मिनिटंही मोजायची. ‘ती फिरतच नव्हती, मग धरायची कशाला’ असं म्हणून बरेच जण शून्याची मिनिटं काढून टाकतात. पण ३ मीटर/सेकंदला ती निम्मा वेळ उभी राहत असेल तर ३ ला तिचं खरं उत्पन्न तेवढंच आहे. काढायची ती मिनिटं वेगळी: वारा फिरून वाऱ्याचं मीटर चक्कीच्या मागच्या विस्कटलेल्या हवेत गेलं असेल ती, आणि टाकी किंवा जिन्याच्या खोलीमागून वारा येत असेल ती.

आपोआप नोंद ठेवणारा डेटा लॉगर नसला तरी अडू नका. वाऱ्याच्या मीटरची पाटी आणि वॉटमीटर एकमेकांशेजारी ठेवा आणि दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइलने व्हिडिओ घ्या. नंतर सावकाश बसून दर पाच सेकंदांचे आकडे वहीत उतरवा. कष्टाचं आहे, पण या वहीतून मिळालेला निकाल घाईघाईत पाहिलेल्या कमाल आकड्यापेक्षा कितीतरी खरा असतो. लॉगर करता येत असेल तर ईएसपी३२ हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आणि करंट-व्होल्टेज मोजणारी छोटी आयएनए२२६ चिप एवढ्यात काम होतं. कपांच्या मीटरचे पल्सही त्याच बोर्डाला मोजता येतात, म्हणजे दोन्ही नोंदींचं घड्याळ एकच राहतं.

विजेच्या बाजूला मंद वाऱ्याचे स्वतःचे काही सापळे आहेत. पहिला शंटचा, म्हणजे करंट मोजण्यासाठी वाटेत घातलेल्या अगदी कमी रोधाच्या तुकड्याचा. बाजारात मिळणाऱ्या मीटरांबरोबर बहुधा ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट येतो. तुमच्या अर्ध्या अँपिअरला त्यावर पाऊण मिलिव्होल्ट पडतो. स्वस्त मीटरची चूक तेवढीच असू शकते. मंद वाऱ्याच्या चाचणीला ५ किंवा १० अँपिअरचा शंट लावा आणि वारा वाढला की काढा. दुसरा सापळा जनरेटरच्या तीन एसी तारांवर क्लॅम्प मीटर लावण्याचा. बारा पोलांचा जनरेटर मिनिटाला २०० फेरे घेतो तेव्हा वारंवारता २० हर्ट्झ असते, आणि पुढे रेक्टिफायर असल्यामुळे करंट गुळगुळीत नसून तुटक येतो. घरच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेलं साधं क्लॅम्प मीटर तिथे काहीही सांगतं. मोजायचं ते डीसी बाजूला, कंट्रोलर आणि बॅटरीच्या मध्ये. व्होल्ट आणि अँपिअरची वेगवेगळी सरासरी काढून गुणू नका. त्या-त्या क्षणी गुणून मग सरासरी घ्या. वॉटमीटर ते आपोआप करतं.

बॅटरी भरलेली असताना चाचणी करू नका. भरत आली की कंट्रोलर वीज डम्प लोडकडे (जास्तीची वीज जाळणाऱ्या रेझिस्टरकडे) वळवतो किंवा चक्कीला ब्रेक लावतो, आणि तुम्हाला वाटतं चक्की देत नाही. आदल्या रात्री दिवे लावून बॅटरी थोडी उतरवून ठेवा. चाचणीच्या वेळी बाकीची उपकरणं बंद ठेवा. कंट्रोलर स्वतः किती खातो तेही एकदा पाहा: चक्कीला ब्रेक लावून बॅटरीतून त्याच्याकडे जाणारा करंट मोजा. तो ०.०५ अँपिअर निघाला तर ०.६ वॅट झाले, म्हणजे ३ मीटर/सेकंदच्या कमाईचा दहावा हिस्सा त्याच्याच पोटात.

तारांच्या जाडीची काळजी मात्र मंद वाऱ्यात करू नका. समजा तारेचा रोध ०.३ ओहम आहे, तर अर्ध्या अँपिअरला ०.१५ व्होल्ट जातो. तीच तार २० अँपिअरला ६ व्होल्ट खाईल, तो प्रश्न पावसाळ्याचा. मंद वाऱ्यात वीज कमी येते म्हणून जाड केबल घ्यायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता जनरेटर कमजोर आहे का, याकडे वळू. यासाठी त्याला बॅटरीपासून सोडवून रेझिस्टरवर चालवावं लागतं. कारण बॅटरी हा फार हट्टी भार आहे. तिचं व्होल्टेज साडेबारा-तेरा, वर रेक्टिफायरच्या दोन डायोडांचे १.४ धरून जनरेटरने साधारण १४ व्होल्ट गाठेपर्यंत एक थेंबही करंट जात नाही. किती फेऱ्यांना १४ व्होल्ट येतात हे जनरेटर उतरवलेला असताना ड्रिल मशीनला जोडून किंवा लेथवर फिरवून कळतं. फेरे मोजायला स्वस्त टॅकोमीटर पुरतो. तुमच्यासारख्या जनरेटरांत डीसी बाजूला, मिनिटाच्या दर एका फेऱ्यामागे ०.०५ व्होल्ट नेहमी दिसतात. ते धरलं तर १४ व्होल्टला मिनिटाला २८० फेरे हवेत.

२८० फेरे कुठल्या वाऱ्यात? पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या किती पट, यावरून हे निघतं. बिनभाराची तीन पाती सात पटीने सहज पळतात. त्या हिशेबाने ३.१ मीटर/सेकंदच्या आसपास करंट सुरू व्हायला हवा. पण अशी पाती जास्तीत जास्त शक्ती देतात ती साधारण पाच पटीला, आणि पाच पटीला २८० फेरे यायला ४.४ मीटर/सेकंद लागतात. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा म्हणजे तुमचा ३ ते ४ चा वारा. तिथे चक्की फिरताना छान दिसते, बॅटरीला मात्र थोडंच मिळतं. सपाट रस्त्यावर सायकल सगळ्यात हलक्या गिअरमध्ये अडकल्यासारखी तिची अवस्था असते: पाय भराभर चालतात, पण जोर चाकाला नीट लागत नाही. यात जनरेटरची चूक नाही, पात्यांचीही नाही. जोडी जमलेली नाही, एवढंच.

रेझिस्टर हा गिअर बदलून देतो. ५० वॅटचे तारेचे रेझिस्टर आणा, ६.८, १०, १५ आणि २२ ओहमचे. गाडीचे बल्ब वापरू नका. थंड असताना त्यांचा रोध फारच कमी असतो आणि तापला की कित्येक पट वाढतो, त्यावर हिशेब बसत नाही. रेक्टिफायरनंतर एकावेळी एक रेझिस्टर लावा, व्होल्टेज मोजा. दर क्षणाच्या व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजे वॅट. सरासरी पुन्हा शेवटी. ३ मीटर/सेकंदच्या कप्प्यात १५ ओहमच्या जवळपास आणि ४ च्या कप्प्यात ८-१० ओहमच्या जवळपास सगळ्यात चांगला आकडा यावा, असा माझा अंदाज आहे. रोध फार कमी लावला की पाती दबतात आणि उभीच राहतात. तेही एकदा पाहून ठेवा, भार जास्त झाला की चक्की कशी दिसते हे डोळ्यांना कळतं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दोष कुठे आहे ते उघड होतं. रेझिस्टरवर ४ ला १२-१५ वॅट आणि बॅटरीवर ५-६ असतील, तर पाती आणि जनरेटर ठीक आहेत, अडचण व्होल्टेजची आहे. त्यावर दोन उपाय आहेत. साधा ब्रिज (म्हणजे रेक्टिफायर) काढून शॉट्की, म्हणजे कमी व्होल्टेज खाणाऱ्या, डायोडांचा लावा. त्यात निम्म्याच्या आसपास डायोडची गळती वाचते, आणि १२ व्होल्टच्या चक्कीत ती बचत जाणवते. किंवा कमी व्होल्टेज वर चढवून बॅटरीला देणारा बूस्ट जातीचा एमपीपीटी कंट्रोलर (भार जुळवून जास्तीत जास्त शक्ती काढणारा) घ्या. मात्र तो स्वतः किती वीज खातो हे आधी विचारा. रेझिस्टरवरही ४ ला ५ वॅटच असतील तर दोष पाती, जनरेटर किंवा वाऱ्याच्या जागेत आहे.

जनरेटरची एक झटपट तपासणी खालीच होते. तिन्ही तारा एकमेकींपासून मोकळ्या करा आणि पाती हाताने फिरवा, जड लागता कामा नये. मग दोन-दोन तारा जोडून फिरवा. तिन्ही जोड्यांना सारखाच अडसर जाणवला पाहिजे. मोकळ्या तारांनाही जड असेल तर आत कुठेतरी गुंडाळी शॉर्ट आहे. एखादी जोडी हलकी असेल तर तार तुटली आहे. मोकळ्या तारांना हलकी पण रेक्टिफायर जोडला की जड होत असेल, तर ब्रिजमधला एखादा डायोड शॉर्ट झालाय आणि तो चोवीस तास ब्रेक धरून बसलाय. मंद वाऱ्यात न फिरणाऱ्या चक्क्यांत हे मी वारंवार पाहिलं आहे.

लोखंडी गाभ्याच्या जनरेटरात चुंबक दातांना धरून बसतात, फिरवताना हाताला टक-टक जाणवतं. त्यामुळे उभ्या चक्कीला सुटायला जो वारा लागतो तो चालत्या चक्कीला फिरत राहायला लागणाऱ्या वाऱ्यापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून सुरू होण्याचा वेग आणि थांबण्याचा वेग असे दोन वेगळे आकडे नोंदवा. सुरू व्हायला ३.५ आणि थांबायला २.२ असं निघालं, तर ‘३ मीटर/सेकंदला किती वॅट’ याचं उत्तर ती आधी फिरत होती की नव्हती यावर अवलंबून आहे. एक मिनिटाच्या सरासरीत शून्य का ठेवायची ते इथे पुन्हा कळतं.

स्टँडचा पंखा समोर लावून चाचणी करू का, असं हमखास विचारलं जातं. नको. पंख्याचा झोत दीड मीटरचं वर्तुळ भरत नाही, मध्ये आणि कडेला वेग वेगळा असतो आणि हवा गोल फिरत येते. त्यातून फक्त चक्की फिरते एवढं कळतं. पिकअपवर चक्की बसवून गाडी चालवण्याची पद्धत खरी आहे, आणि मंद वाऱ्यासाठी वेगही थोडाच लागतो: ३, ४, ५ मीटर/सेकंद म्हणजे ताशी १०.८, १४.४ आणि १८ किलोमीटर. पहाटे हवा अगदी स्थिर असताना, वेग जीपीएसवर पाहून, त्याच रस्त्यावर जाताना आणि येताना, चक्की केबिनच्या छतापेक्षा बरीच वर. तरीही मी ती घरगुती माणसाला सुचवत नाही. गाडीवर उघडी पाती फिरवणं धोक्याचं आहे, रहदारीच्या रस्त्यावर तर मुळीच नको. आणि तिथला गुळगुळीत वारा गच्चीवर कधी मिळत नाही, त्यामुळे आकडा नेहमी चांगलाच येतो.

सुरक्षेचं न टाळता सांगतो. रेझिस्टरची चाचणी वारा ५ च्या खाली असतानाच करा आणि चक्कीजवळून हलू नका. बॅटरी नसताना वारा वाढला की पाती आणि व्होल्टेज दोन्ही बेफाम होतात. तीन तारांवर, रेक्टिफायरच्या आधी, शॉर्ट करणारा थ्री-पोल स्विच कायमचा बसवून घ्या. पाती पूर्ण थांबल्याशिवाय शिडी लावायची नाही, आणि वाऱ्याचं मीटर चढवताना कोणीतरी खाली हवं.

पावसाळा संपल्यानंतरचे महिने या कामाला चांगले. जून ते सप्टेंबर साताऱ्याच्या पठारांवर वारा जोराचा असतो, चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या मोठ्या पवनचक्क्या त्याच जोरावर उभ्या आहेत. मंद वाऱ्याचे कप्पे तेव्हा भरत नाहीत. हिवाळ्यात सकाळी वारा शून्यापासून हळूहळू चढतो, त्या दोन-तीन तासांत २ ते ४ चे सगळे कप्पे एकामागून एक मिळतात.

हे सगळं करून समजा तुमची चक्की ३ ला ६ वॅट देते असं सिद्ध झालं. दिवसभर तसाच वारा राहिला तर १४४ वॅट-तास. १०० वॅटचं सौर पॅनल आपल्याकडे स्वच्छ दिवशी ४०० वॅट-तास सहज देतं. आणि ८ मीटर/सेकंदचा एक तास ३ मीटर/सेकंदच्या एकोणीस तासांइतका असतो. म्हणून मंद वाऱ्यातले दोन वॅट वाढवायला मोठा खर्च करण्याआधी तोच पैसा उंचीवर घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आजूबाजूच्या शंभर-दीडशे मीटरमधल्या झाडाघरांपेक्षा पाती दहा मीटर वर असावीत हा जुना नियम आहे. गच्चीवरच्या बुटक्या पाइपावर तो क्वचितच पाळला जातो. अपवाद एक. हिवाळ्यात ढगाळ दिवसांतही रात्रीचा एखादा दिवा किंवा कुंपणाचं यंत्र चालू राहायलाच हवं असेल, तर ते दोन वॅट मोलाचे आहेत आणि शॉट्की ब्रिजचा खर्च वसूल होतो.

पुढे कधी नवी चक्की घेणार असाल तर विक्रेत्याकडे ३, ४, ५ आणि ६ मीटर/सेकंदचे वॅट लेखी मागा, नुसती पाटी नको. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या तमिळनाडूतल्या कयथार केंद्रावर छोट्या चक्क्यांची चाचणी होते. तिथे चाचणी झालेली असेल तर तो तक्ता विक्रेत्याकडे असायलाच हवा.

तुमच्या चक्कीसाठी मी हा क्रम ठेवीन. आज संध्याकाळी हाताने फिरवून तिन्ही जोड्या तपासा. मग कपांचं मीटर पात्यांच्या उंचीवर चढवा. मग उतरलेल्या बॅटरीवर मिनिटांची नोंद घ्या, आणि सगळ्यात शेवटी रेझिस्टर. ४ च्या कप्प्यातले दोन आकडे, बॅटरीवरचा आणि १० ओहमवरचा, हाती आले की ब्रिज बदलायचा, कंट्रोलर बदलायचा की पाइप वाढवायचा, हे तुम्हालाच ठरवता येईल.